अवरेकाईचा हात

अवरेकाई आली की माझं डोकं फिरतं. डिसेंबर सरत येतो, चामराजपेटेत सकाळी सातला समोरच्या घराची गच्ची धुक्यात दिसेनाशी होते, नाक्यावर पोती उतरतात, आणि मग दोन महिने सगळी गल्ली त्या एकाच वासानं भरून जाते. उप्पिटात अवरेकाई, सांबारात अवरेकाई, तांदळाच्या अक्की रोट्टीत अवरेकाई. पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते, तुमच्या पावट्याचीच ही सख्खी बहीण, फक्त जास्त लाडावलेली. हिच्या शेंगांना एक तेलकट, उग्र वास असतो, त्याला इकडे सोगडु म्हणतात. जितकं दव जास्त तितका सोगडु जास्त, असं शेंगा विकणारी अक्का पोत्यात हात घालून शपथेवर सांगते. सोगडुबद्दल बोलायला लागली की बेंगळुरातली माणसं डोळे मिटतात. मी नाक मिटते.

"यंदा तरी स्वल्प घ्या की," ती अक्का दरवर्षी म्हणते. मी "बेड" म्हणते, म्हणजे नको, आणि पुढं चालू लागते. लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात अवरेकाईचा एक दाणा आलेला नाही. नवरा गुपचूप हॉटेलात जाऊन खाऊन येतो आणि त्याला वाटतं मला कळत नाही. शर्टाला वास येतो, कळणार नाही तर काय?

यंदा पोती उतरली त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक निमंत्रण आलं. एचएसआर लेआउटमध्ये एका कॉफीच्या दुकानावर छोटं चित्रदालन आहे, तिथं आमच्या अण्णांच्या चित्रांचं प्रदर्शन. अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी जलरंगात निसर्गचित्रं काढायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. जिवंत होते तोवर त्यांच्या तळ्यांकडे आणि बाभळींकडे ढुंकून बघायला कुणाला सवड नव्हती. आता मेल्या म्हशीला मणभर दूध. चित्रांचा गठ्ठा माझ्या भावानं परस्पर देऊन टाकला, मला विचारलंसुद्धा नाही. निमंत्रणावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'सरी : पावसानं झपाटलेल्या चित्रकाराची निसर्गचित्रं'. ते वाचलं आणि चहा माझ्या नाकातून आला.

अण्णांना पावसाचा तिटकारा होता. जलरंगवाल्याचा सगळा संसार कागद वाळण्यावर असतो, आणि पावसात कागद वाळत नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते फळीवर ताणलेल्या कागदाला बोटाची मागची बाजू लावून बघायचे, ओलसर लागला की आधी आभाळाला, मग नगरपालिकेला आणि शेवटी आईला बोल लावायचे. पावसाचं एकही चित्र त्यांनी काढलं नाही.

मग ही 'सरी' आली कुठून? चित्रांच्या पाठीवरून. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. घरात मराठी बोलतो, पण ती चार घरं हिंडून आलेली असते. सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक, बरोबर, जमलं. पुडी बांधून झाली की दुकानदार सरी म्हणतो, पत्ता कळला की रिक्षावाला सरी म्हणतो, आणि आम्हीही उठता बसता सरीच म्हणतो. अण्णा चित्रावर सही करत नसत. "सही काय करायची? मी काय तळ्याचा धनी आहे?" असं विचारायचे. चित्र पसंत पडलं तर ते उलटं करून खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोनच अक्षरं लिहायचे, सरी. पसंत नाही पडलं तर न्हाणीघरात नेऊन नळाखाली धरायचे. रंग वाहून जायचे, आणि तोच कागद वाळवून पाठीमागून पुन्हा वापरायचे. मधलं काही नव्हतं. सरी नाही तर नळ.

बहुतेक चित्रं नळाखालीच जायची. नुसती चित्रंच नाहीत. आईनं जेवण वाढून "कसं झालंय?" विचारलं तरी ते भिंतीकडे बघत घास चावत राहायचे. एखाद्या दिवशी "सरी" म्हणाले तर ती भांडी घासताना गुणगुणायची. बाईनं एवढ्याशा शब्दावर आयुष्य काढलं याचा मला आजही राग येतो. पण तिला हसायची माझी टाप नाही, कारण त्याच रांगेत तिच्या मागं मी उभी होते.

त्या हिवाळ्यात मी वीस वर्षांची होते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. अण्णांचा खांदा धरला होता, म्हणून रविवारचं सामान वाहायला मला नेऊ लागले. मार्केटातून होसकोट्याची पहिली बस, तिथून पुढं शेतांच्या बांधावरून पायपीट, आणि मग ते तळं. आता तिथं पत्र्याची गोदामं आहेत आणि ट्रकांची रांग. मध्यंतरी बँकेच्या कामाला तिकडे गेले होते, तेव्हा तळं कुठं होतं हे रस्त्यावरच्या एकाला सांगता येईना. पण त्या हिवाळ्यात ते होतं. पाणी आणि आभाळ यांच्यामध्ये रेघच नसायची. धुक्यात एक बांध, बांधावर एक वाकडी बाभूळ, आणि कुठून तरी पाणकोंबडीचा आवाज. थंडीनं माझी बोटं किटलीच्या कडीला चिकटायची.

माझं काम म्हणजे ती किटली. एका डब्यात ब्रश धुवायचं पाणी ओतायचं, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. छत्री धरायची, गप्प बसायचं, आणि कागदाला हात लावायचा नाही. हे शेवटचं कलम अवरेकाईमुळं. शनिवारी आमच्याकडं शेंगा सोलायचा कार्यक्रम असे. दाणे सोलायचे, भिजवायचे, आणि मग एकेक दाणा चिमटीत दाबून त्याचं साल काढायचं. दाणा टुपकन उडतो. त्या सोललेल्या दाण्यांना हितकबेळे म्हणतात, आणि त्याचं सारू अण्णांना जीव की प्राण. परातभर दाणे आई आणि मी दाबत बसायचो. शेंगांचं तेल बोटांत असं मुरतं की शिकेकाईनं घासा, राखेनं घासा, दुसऱ्या दिवशीही जात नाही. तसलं बोट कागदाला लागलं की तिथं रंग धरत नाही, पाणी त्या जागेला वळसा घालून जातं. आधी काही दिसत नाही. रंगाचा हात फिरला की डाग उमटतो.

"अवरेकाईचा हात लांब ठेव गं," अण्णा फळी छातीशी धरून ओरडायचे. सोलायला लावणारे हे, खाणारे हे, आणि हात मात्र आमचे बाटलेले.

मी विचारायची, "अण्णा, आभाळाला आधी कुठला रंग घेतला तुम्ही?" उत्तर ठरलेलं होतं. "तुझं काम किटली." शाळेतल्या चाळीस पोरांना घसा फोडून शिकवणारा माणूस, आपल्या पोरीला एका ओळीत गुंडाळायचा. म्हणून मी बघून शिकले. कागद किती ओला असताना ब्रश टेकवायचा, रंग स्वतःहून पसरत असताना हात कसा आवरायचा, आणि पांढरं हवं तिथं रंग न लावता कागद कसा तसाच सोडायचा. काम करताना ते स्वतःशीच पुटपुटायचे, "कागद सोड, कागद सोड." जलरंगात पांढरा रंग नसतो, फक्त सोडलेली जागा असते. एवढं मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या रविवारी धुकं हलत होतं. अण्णांनी कागद ओला केला, बराच वेळ पाण्याकडे बघितलं, ब्रश उचलला, खाली ठेवला. "आज उतरत नाही," म्हणाले. शेजारच्या मळ्यातला ओळखीचा शेतकरी लांबून हाका मारत होता, "मेष्ट्रे, बन्नी, कॉफी!" मेष्ट्रे म्हणजे मास्तर, बन्नी म्हणजे या. अण्णा फळी दगडाला टेकवून, पाय आपटत कॉफीला गेले.

कागद ओला होता. पाच मिनिटांत वाळला असता. समोर धुकं एका बाजूनं वर उचललं गेलं आणि बांधाची कड तेवढी दिसायला लागली. मी काही ठरवलं वगैरे नाही. डाव्या हातानं फळी वरून धरून मांडीवर घेतली, उजव्या हातानं ब्रश उचलला. करड्यात किंचित तपकिरी. आभाळ खाली सोडलं, त्यातच पाणी सोडलं, बांध ओल्यातच टेकवला आणि तो आपोआप फुटत गेला. बाभूळ चुकीच्या बाजूला झुकली, झुकू दिली. कुणी येईल, कुणी येईल, एवढंच डोक्यात. आणि मग वर आभाळात, डाव्या बाजूला, अंगठ्याएवढी जागा पांढरट राहिलेली दिसली. मी पुन्हा रंग लावला. रंग त्या जागेवरून ओघळून गेला. माझा डावा अंगठा तिथं टेकला होता.

अण्णा आले तेव्हा त्यांच्या मिशीला कॉफीचा फेस होता. माझ्या मागं उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले. मला दुसरं काही नको होतं. वाहवा नको, कौतुक नको, गल्लीभर सांगणं नको. फक्त तो एक शब्द हवा होता, जो ते रिक्षावाल्यालाही फुकट द्यायचे.

"हात धुतला नव्हतास," ते म्हणाले.

"धुतला होता, अण्णा. जात नाही वास."

"कागद फुकट गेला."

त्यांनी फळी स्वतः कापडात गुंडाळली, दुखऱ्या खांद्याला स्वतः अडकवली, आणि बसमध्ये एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर चप्पल काढून थेट न्हाणीघरात गेले. आतून कडी लावली. नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. मी दाराबाहेर उभी होते. आतलं पाणी मोरीत पडत होतं, आणि त्याबरोबर माझं तळं, माझा बांध, माझी वाकडी बाभूळ चालली होती. स्वयंपाकघरात हितकबेळ्याचं सारू उकळत होतं आणि सगळ्या घरात सोगडु भरला होता. त्या दिवसानंतर मी ब्रश हातात धरला नाही.

पुढचं सगळं व्यवस्थित झालं, म्हणजे लोक ज्याला व्यवस्थित म्हणतात तसं. बँकेची परीक्षा, नोकरी, दोन गल्ल्या सोडून सासर. पुढच्या रविवारी अण्णा एकटेच गेले, दुखरा खांदा घेऊन. मग दर हिवाळ्यात, पाय चालत होते तोवर, त्याच तळ्यावर जात राहिले. आई मला फोनवर सांगायची, "आजही धुकंच काढायला गेले होते. आजही आल्या आल्या नळ." मी ऐकायची आणि मला बरं वाटायचं. असं वाटू नये, पण वाटायचं. त्यांचीही चित्रं वाहून जातात ना, जाऊ देत.

तर प्रदर्शनाला मी भांडायला गेले होते. चामराजपेटेपासून एचएसआरपर्यंत रिक्षात वाक्यं जुळवत गेले. दालन चालवणारी मुलगी ऋचा, मूळची पुण्याची, आठवडाभर आयटीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी हा उद्योग. तिनं प्रत्येक चित्र दोन काचांच्या मध्ये धरून वरून तारेनं टांगलं होतं. का, तर चित्राची पाठही बघता यावी. लोक पुढून बघत, मग वळसा घालून मागं जात, 'सरी' वाचत आणि माना डोलवत. कडकडीत उन्हातल्या माळरानाखाली पाटी होती, 'सरी - ४'. ते चित्र बघताना मला तहान लागली, आणि शेजारचा एक दाढीवाला बायकोला सांगत होता, "यू कॅन फील द रेन."

"काकू, या ना! सो हॅपी की तुम्ही आलात," ऋचा म्हणाली.

"सरी म्हणजे पाऊस नाही," मी म्हटलं. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. "कन्नडमधलं सरी आहे ते. ठीक आहे, जमलं, असं."

"म्हणजे... ओके?"

"हो. ओके."

"अय्यो," ती म्हणाली. तेवढं कन्नड तिला येत होतं. मग तिनं तोंडावर हात ठेवला. "काकू, मी रोज रिक्षावाल्याला सरी म्हणते. रोज! आणि इथं अख्खं कॅटलॉग पावसावर लिहिलंय मी."

मला आनंद झाला. लपवत नाही, उकळ्या फुटल्या. मी आणखी चार शब्द ऐकवणार होते, पण ती पोरगी खचण्यातली नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "ते मी करेक्ट करते. पण तुम्ही आधी हे बघा, माझं फेव्हरिट आहे. धुक्याचं एवढं एकच आहे गठ्ठ्यात. बाकी सगळीकडे ते किती जपून काढतात ना? इथं घाई आहे. कुणीतरी येऊन थांबवेल अशी भीती वाटल्यासारखी. आणि हा सूर्य! नुसता कागद सोडलाय, काकू. जवळून बघा, त्याला किरणं पण आहेत."

बाभूळ चुकीच्या बाजूला झुकलेली होती.

मी काचेला वळसा घालून मागं गेले. खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं, त्यांच्या त्या मास्तरी वळणाच्या अक्षरात, सरी.

आमच्याकडं नळाला दिवसाआड पाणी यायचं. भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालायला लावणारा हा माणूस. तो आतून कडी लावून, कोरडं चित्र हातात धरून, रिकाम्या मोरीत पाणी सोडत उभा होता, आणि दाराबाहेर मी उभी होते. कधी लिहिलं असेल त्यांनी? तेव्हाच, आत? की दहा हिवाळे त्याच तळ्यावर जाऊन, आपलं धुकं पुन्हा पुन्हा नळाखाली धरून झाल्यावर? मला काय ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची बाजू समजून घ्यायचीही नाही. मला आनंद झाला. आणि त्याच क्षणी असा संताप आला की ते समोर असते तर मी वय, नातं, काही बघितलं नसतं. दोन अक्षरं होती, अण्णा. कागदाच्या पाठीला सांगितलीत, मला सांगितली असतीत तर काय झालं असतं?

"हे चित्र माझं आहे," मी म्हटलं.

ऋचाला वाटलं मला ते घरी न्यायचंय. "ऑफकोर्स काकू, फॅमिलीचंच आहे सगळं..."

"माझं म्हणजे मी काढलेलं."

ती जपून म्हणाली, "पण मागचं अक्षर त्यांचंच आहे ना?"

"त्यांचंच."

"आणि सरी म्हणजे त्यांना पसंत पडलेलं, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. गठ्ठ्यात सही कशावरच नाही. सरी आहे म्हणून तर आम्ही ही सगळी त्यांची धरली."

उचलली जीभ लावली टाळ्याला, तिचं हे फळ. आयुष्यात त्यांनी मला दिलेला एकुलता एक बरा शब्द, आणि तोच माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. क्षणभर वाटलं, सोडून द्यावं. रिक्षा करावी, घरी जावं, आजवर गप्प बसले तसं पुढंही बसावं. मग मी चित्राच्या समोर आले आणि डावा हात वर केला. वीस वर्षांची मुलगी मांडीवर घेतलेली फळी वरून जशी धरेल तसा. अंगठा काचेवर टेकवला.

सूर्य झाकला गेला. पुरता, काठोकाठ. जरासा डावीकडे कललेला होता तो, तसाच माझा अंगठाही.

"मॅडम, प्लीज, काचेला हात नका लावू," मागून कुणीतरी म्हणालं. मी अंगठा काढला. काचेवर ठसा राहिला होता, आणि त्याच्या मागं, कागदावर, तशाच बारीक गोल रेघा. ऋचा पुढं झाली, वाकली, एकदा ठसा बघितला, एकदा सूर्य बघितला.

"ही किरणं..." ती म्हणाली.

"अवरेकाई आहे ती," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. सोगडु सांगितला, हितकबेळे सांगितलं, किटली सांगितली, नळ सांगितला. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण दाढीवाला बायकोला घेऊन खाली कॉफी प्यायला निघून गेला. मग ऋचानं चित्राखालची पाटी सोलून काढली, पेन घेतलं, अण्णांचं नाव खोडलं, माझं नाव विचारून लिहिलं. पोरीला नजर आहे, हे मला मान्य करावं लागलं.

"आणि 'सरी - ९' हे पण काढते," ती म्हणाली. "चुकीचंच आहे ते."

"आकडा काढ," मी म्हटलं. "सरी राहू दे. ते मला दिलेलं आहे."

भावाचा फोन आला, रागावून. अण्णांच्या नावाला बट्टा लावला म्हणे मी. लावला असेल. अण्णांना मी माफ केलेलं नाही, हे इथं स्पष्ट लिहिते, म्हणजे कुणी शेवटी डोळे पुसायला पदर शोधू नये. माणूस मेला म्हणून त्याचा गप्पपणा गोड होत नाही. माझी मधली सगळी वर्षं त्या बंद न्हाणीघराच्या दाराबाहेर गेली, ती कुठल्या कागदाच्या पाठीवर लिहून परत मिळणार नाहीत.

आज सकाळी धुकं होतं. समोरची गच्ची दिसत नव्हती. नाक्यावरच्या अक्काला म्हटलं, दोन किलो दे. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. घरी येऊन वर्तमानपत्रावर शेंगा ओतल्या आणि एकटीनं सोलत बसले. नवरा दारातून वास घेऊन गेला, काही बोलायची हिंमत झाली नाही त्याला. दाणे भिजत घातले, दुपारी एकेक दाबून साल काढलं, परात भरली. बोटं तेलकट, हिरवट झाली, वास थेट कोपरापर्यंत चढला. मग परवाच विकत आणलेला कागद आणि फळी कपाटातून काढली, कागद ओला केला, फळीवर ताणला.

हात धुतले नाहीत.